हिकरी व अक्रोड कुल

हिकरी हे अक्रोड कुलातील कॅरिया या प्रजातीत मोडणाऱ्या पानझडी वृक्षांचे सामान्य नाव आहे. या प्रजातीत सुमारे १८ जाती असून त्यांपैकी बहुसंख्य उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात व मेक्सिकोत, तर उरलेल्या चीन, व्हिएतनाम व लगतच्या प्रदेशात वाढतात. चिवट लाकूड, कठीण कवचाची फळे आणि मंद वाढ ही हिकरीची ठळक वैशिष्ट्ये होत. सुक्या मेव्याच्या दुकानात ‘पेकान’ या नावाने मिळणारा गर हाही एका हिकरीच्याच फळातला असतो.

हिकरीच्या कुलाचे शास्त्रीय नाव जुग्लँडेसी असे असून त्यात अक्रोड, हिकरी व त्यांचे पंखधारी फळांचे नातलग मिळून नऊ-दहा प्रजाती व सुमारे ६० जाती आहेत. ओक, बीच व बर्च या वृक्षांची कुले ज्या फॅगेलीझ गणात येतात त्यातच या कुलाचाही समावेश होतो. या लेखात ‘जाती’ हा शब्द एका विशिष्ट प्रकारच्या वनस्पतीसाठी आणि ‘प्रजाती’ हा शब्द परस्परांशी जवळच्या अशा अनेक जातींच्या गटासाठी योजला आहे.

नावाची व्युत्पत्ती

‘हिकरी’ हा शब्द मुळात झाडाचे नाव नव्हता. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील पौहॅटन लोक या झाडाची फळे कवचासकट कुटून पाण्यात कालवीत आणि गाळून दुधासारखे पेय तयार करीत. त्यांच्या अल्गॉन्क्वियन भाषेत या पेयाला ‘पॉकोहिकोरा’ अशा उच्चाराचे नाव होते. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे आलेल्या इंग्रज वसाहतकारांनी, विशेषतः कॅप्टन जॉन स्मिथ याने, हा शब्द नोंदविला. पुढे त्याचा आरंभ गळून ‘हिकरी’ एवढाच भाग उरला व तो पेयाऐवजी वृक्षाला चिकटला. ‘पेकान’ हा शब्दही अल्गॉन्क्वियन भाषांतूनच आला असून दगडाने फोडावे लागणारे कठीण फळ असा त्याचा मूळ अर्थ सांगितला जातो.

‘कॅरिया’ हे शास्त्रीय नाव कवचफळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले आहे. अक्रोडाच्या प्रजातीचे ‘जुग्लान्स’ हे नाव लॅटिन असून त्याचा अर्थ ‘ज्युपिटर देवाचे फळ’ असा होतो. मराठीतील ‘अक्रोड’ आणि हिंदीतील ‘अखरोट’ हे शब्द संस्कृत ‘अक्षोट’ किंवा ‘अक्षोड’ या शब्दाशी निगडित आहेत.

वर्गीकरणाचा इतिहास

कार्ल लिनीअसने १७५३ साली हिकरीला स्वतंत्र स्थान न देता अक्रोडाच्या प्रजातीतच घातले होते. दोन्ही झाडांची पाने संयुक्त, दोन्हींची फळे हिरव्या सालीत झाकलेली व आत कठीण कवचाची असल्यामुळे असे होणे स्वाभाविक होते. इंग्लंडमधून अमेरिकेत आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस नटॉल यांनी १८१८ साली हिकरींना ‘कॅरिया’ हे नाव देऊन वेगळे केले. त्याआधी कॉन्स्टँटिन राफिनेस्क यांनी याच गटासाठी दुसरे नाव सुचविले होते. परंतु रूढ झालेले नटॉल यांचेच नाव नियमाने कायम ठेवण्यात आले.

हिकरीच्या जातींचे सामान्यतः तीन विभाग केले जातात. पहिल्या विभागातील ‘खऱ्या’ हिकरींच्या कळ्यांवरील खवले कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले असतात. दुसऱ्या विभागातील पेकान व तिच्या जवळच्या जातींचे खवले कडांना कडा लावून बसलेले असतात. तिसऱ्या, आशियाई विभागातील जातींच्या कळ्या खवल्यांवाचून उघड्या असतात. पाने गळून गेल्यावर हिवाळ्यात झाड ओळखण्यासाठी कळी हा चांगला आधार ठरतो.

वर्णन

हिकरीचे झाड जातीनुसार १५ ते ४० मीटरपर्यंत उंच वाढते. पाने एकाआड एक, संयुक्त व पिसासारख्या रचनेची असतात. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना दलांच्या जोड्या आणि टोकाला एक दल अशी मांडणी असल्याने दलांची संख्या नेहमी विषम भरते. खऱ्या हिकरींत ती बहुधा पाच किंवा सात, तर पेकानमध्ये नऊ ते सतरा असते. खऱ्या हिकरींत टोकाकडची दले मोठी असतात. दलांच्या कडा दातेरी असून पान चुरगळल्यास सुगंध येतो. शरद ऋतूत हिकरीची पाने सोनेरी पिवळी होतात.

हिकरी आणि अक्रोड यांतील सर्वांत सोपा भेद कोवळी फांदी उभी चिरल्यास दिसतो. अक्रोडाच्या फांदीतील भेंड सलग नसते. त्यात आडव्या पातळ पडद्यांनी एकावर एक कप्पे पडलेले असतात. हिकरीचे भेंड मात्र भरीव व सलग असते. दुसरा भेद फळात दिसतो. हिकरीच्या फळाची हिरवी बाह्य साल पक्व झाल्यावर चार भागांत उकलते व आतील गुळगुळीत कवचफळ मोकळे होते. अक्रोडाची साल अशी ठरावीक रेषांवर उकलत नाही आणि आतील कवच सुरकुतलेले किंवा खोल खाचांचे असते.

फुले व परागण

हिकरीची नरफुले व मादीफुले वेगवेगळी असली तरी ती एकाच झाडावर येतात. नरफुलांची हिरवट कणिशे वसंतात फांदीवरून खाली लोंबतात. हिकरीत ही कणिशे तीन-तीनांच्या झुपक्यांत, तर अक्रोडात एकेकटी असतात. मादीफुले फांदीच्या टोकाशी येतात. त्यांना पाकळ्या नसतात. परागण वाऱ्याने होते, त्यामुळे कीटकांना आकर्षित करणारा रंग किंवा मध या फुलांत नसतो.

एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले असूनही स्वपरागण बऱ्याच अंशी टळते. काही झाडांची नरफुले आधी परिपक्व होतात आणि मादीफुले मागून. काही झाडांत हा क्रम उलटा असतो. एका गटाच्या झाडांचे पराग उडत असतात तेव्हा दुसऱ्या गटाची मादीफुले ते स्वीकारण्यास तयार असतात. पेकान व अक्रोड या दोहोंतही ही व्यवस्था आढळते. एकाच वाणाची, म्हणजे एकाच क्रमाची झाडे लावलेल्या बागेत फळधारणा कमी होण्याचा धोका असतो. म्हणून पेकानच्या बागेत दोन्ही क्रमांचे वाण मिसळून लावले जातात.

फळांचे दोन मार्ग

बीज मातृवृक्षापासून दूर पोहोचविण्याचे दोन मार्ग या कुलात दिसतात. पहिला मार्ग वाऱ्याचा आहे. टेरोकॅरिया या प्रजातीत लहानशा फळाला दोन पंख असतात, सायक्लोकॅरियात फळाभोवती थाळीसारखा वाटोळा पंख असतो, तर एंजेलहार्डियात तीन फाट्यांचे पातळ छद फळाला धरून असते. अशी फळे हलकी असल्याने वाऱ्याबरोबर भिरभिरत दूर जातात.

दुसरा मार्ग कवचाचा आहे. अक्रोड व हिकरी यांच्या बियांत रोपाला पुरेल असा तेलयुक्त अन्नसाठा असतो. त्यामुळे अंकुर झाडांच्या दाट सावलीतही तग धरू शकतो. मात्र एवढे जड फळ वाऱ्याने वाहून जात नाही. ते उचलून नेणारा कोणी प्राणी लागतो. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत हे काम मुख्यतः खारी करतात. हिवाळ्याच्या बेगमीसाठी त्या एकेक फळ वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत पुरतात. त्यांतील बरीचशी फळे त्या पुन्हा उकरून खातात. जी विसरली जातात किंवा ज्यांची मालकीण खार स्वतःच कोणाची शिकार होते, त्यांतून झाडे उगवतात. कवच कठीण असल्याने फळ तेथल्या तेथे फोडून खाण्यापेक्षा पुरून ठेवणे खारीला अनेकदा सोयीचे पडते.

या दोन मार्गांवरून नाते ठरवू गेल्यास मात्र चूक होते. फळे पाहता अक्रोड व हिकरी हे सर्वांत जवळचे नातलग वाटतात. परंतु आनुवंशिक अभ्यासानुसार अक्रोडाचे अधिक जवळचे नाते पंखधारी फळांच्या टेरोकॅरियाशी आहे, हिकरीशी नव्हे. फांदीतील भेंडही हेच सांगते, कारण कप्पेदार भेंड अक्रोड व टेरोकॅरिया या दोहोंत आढळते आणि हिकरीत आढळत नाही. यावरून मोठ्या कवचफळाचा विकास या कुलात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे झाला असावा, असे मानले जाते. मध्य अमेरिकेतील अल्फारोआ या तिसऱ्याच शाखेतील प्रजातीची फळेही पंखहीन व कवचाची असतात.

हिकरीच्या प्रमुख जाती

शॅगबार्क हिकरी (कॅरिया ओव्हाटा) : प्रौढ झाडाच्या खोडावरील साल लांब पट्ट्यांनी सुटते व दोन्ही टोकांना बाहेर वळून लोंबत राहते. त्यामुळे हे झाड दुरूनही ओळखता येते. पानात बहुधा पाच दले असतात. गर गोड असून वन्य हिकरींत तो विशेष चवदार मानला जातो. कॅनडाच्या दक्षिण क्वेबेकपासून अमेरिकेच्या आग्नेय राज्यांपर्यंत ही जाती पसरली असून तिची एक अलग पडलेली वस्ती मेक्सिकोच्या पूर्वेकडील पर्वतरांगांत आहे.

शेलबार्क हिकरी (कॅरिया लॅसिनिओसा) : नदीकाठच्या ओलसर, सुपीक जमिनीत वाढते. फळे मोठी व जाड कवचाची असतात.

मॉकरनट हिकरी (कॅरिया टोमेंटोसा) : पाने लवदार व सुगंधी असतात. फळ मोठे दिसते. परंतु जाड कवचात गर थोडाच निघतो. फोडणाऱ्याची अशी थट्टा होत असल्याने हे नाव पडले, असे सांगितले जाते.

पिगनट हिकरी (कॅरिया ग्लॅब्रा) : फळ लहान असून टोकाशी निमुळते असते. वसाहतकाळात डुकरे ही फळे आवडीने खात, यावरून हे नाव आले.

बिटरनट हिकरी (कॅरिया कॉर्डिफॉर्मिस) : गंधकासारख्या पिवळ्या कळ्यांमुळे हिवाळ्यातही सहज ओळखू येते. गर कडू असल्याने माणसे तो खात नाहीत.

वॉटर हिकरी (कॅरिया ॲक्वाटिका) : वारंवार पुराखाली जाणाऱ्या दलदलीच्या जमिनीत वाढते. हिचाही गर कडवट असतो.

पेकान (कॅरिया इलिनॉइनेन्सिस) : मिसिसिपी नदीचे खोरे, टेक्सास व मेक्सिको हा हिचा मूळ प्रदेश होय. कवच पातळ व फळ लांबट असते. १९१९ साली टेक्सासने या झाडाला राज्यवृक्ष म्हणून मान्यता दिली.

चिनी हिकरी (कॅरिया कॅथेएन्सिस) : पूर्व चीनच्या झेजियांग व आनहुई प्रांतांतील डोंगराळ भागात वाढते. भाजलेल्या व मसाला लावलेल्या फळांना तेथे मोठी मागणी असते.

प्रसार व जीवाश्म

आज हिकरीची नैसर्गिक वस्ती पूर्व उत्तर अमेरिका व पूर्व आशिया अशी दोन टोकांना विभागलेली आहे. युरोपात एकही वन्य हिकरी नाही. परंतु जीवाश्मांवरून असे दिसते की कोट्यवधी वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्धाचे हवामान उबदार असताना, हिकरीची अरण्ये युरोपातही होती. पुढे हिमयुगांत थंडी वाढली तेव्हा दक्षिणेकडे सरकणाऱ्या वनस्पतींच्या वाटेत आल्प्ससारख्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या पर्वतरांगा व भूमध्य समुद्र आडवे आले आणि हिकरीसह अनेक वृक्ष युरोपातून नाहीसे झाले. अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला असल्याने तेथील झाडांना दक्षिणेकडे सरकण्यास व हवामान सुधारल्यावर परतण्यास वाट मिळाली.

अमेरिकेतही हिकरीचा प्रदेश पूर्वी अधिक विस्तृत होता. कोलोरॅडोतील फ्लॉरिसंट येथे सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत हिकरीचे अवशेष मिळतात. आज त्या भागात वन्य हिकरी उगवत नाही.

अरण्यातील स्थान

पूर्व अमेरिकेतील विस्तीर्ण वनप्रकाराला ‘ओक-हिकरी अरण्य’ असे नाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ॲपलाचियन भागात अमेरिकन चेस्टनट हा प्रमुख वृक्ष होता. १९०४ साली न्यूयॉर्क येथे आढळलेल्या एका कवकजन्य रोगाने पुढील काही दशकांत तो जवळपास संपवला. त्याची मोकळी झालेली जागा अनेक ठिकाणी ओक व हिकरी यांनी घेतली. खारी, अस्वले, टर्की पक्षी व इतर प्राणी शरदात हिकरीच्या फळांवर पोसतात. शॅगबार्क हिकरीच्या सुटलेल्या सालीखाली इंडियाना वटवाघूळ ही संकटग्रस्त जाती उन्हाळ्यात आसरा घेते.

हिकरीची वाढ फार मंद असते. बी रुजल्यावर अंकुर वर येतो. पण दलिका जमिनीतच राहतात आणि रोप आपली बहुतेक शक्ती सोटमूळ खोल नेण्यात खर्च करते. शॅगबार्क हिकरीचे सोटमूळ पहिल्या तीन वर्षांत ६० ते ९० सेंटिमीटर खोल जाऊ शकते. त्या काळात जमिनीवरील रोप मात्र ठेंगणेच राहते. वणव्यात शेंडा जळाला तरी या मुळावरून नवे कोंब फुटतात. या जातीला चांगली फळधारणा होण्यास सुमारे ४० वर्षे लागतात आणि भर बहर ६० व्या वर्षापासून पुढे दीर्घकाळ टिकतो. सोटमुळामुळे मोठी रोपे उपटून दुसरीकडे लावणे कठीण असते.

खाद्योपयोग

यूरोपीय लोक येण्यापूर्वी हिकरी हे पूर्व अमेरिकेतील मूलनिवासी समाजांचे महत्त्वाचे अन्न होते. निसर्ग-अभ्यासक विल्यम बार्ट्रम यांनी १७९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात, क्रीक लोकांच्या एकाच कुटुंबाकडे शंभर बुशेलांहून अधिक फळांचा साठा पाहिल्याचे नमूद केले आहे. ही फळे कुटून उकळत्या पाण्यात टाकीत, कवचाचे तुकडे गाळून काढीत व साईसारखा स्निग्ध भाग मक्याच्या पदार्थांत वापरीत. हिकरीच्या गरात खाचा असल्याने तो कोरून काढणे जिकिरीचे असते. कुटून गाळण्याच्या या युक्तीने ते श्रम वाचत. चेरोकी लोकांत कुटलेल्या हिकरीचे गोळे करून ठेवण्याची व त्यांपासून ‘कनुची’ नावाचे सार करण्याची परंपरा आजही आहे.

पेकानच्या गरात वजनाच्या सुमारे ७० टक्के स्निग्ध पदार्थ असतात. त्यांतील बराच भाग असंतृप्त प्रकारचा असतो. यामुळे गर लवकर खवट होतो व तो थंड जागी साठवावा लागतो.

लाकूड

हिकरीचे लाकूड जड, टणक आणि धक्का सोसणारे असते. लाकडात पोलादी गोळी निम्मी रुतविण्यास किती बल लागते हे पाहणाऱ्या जांका कसोटीत शॅगबार्क हिकरीची कठीणता सागाच्या पावणेदोन पटीच्या आसपास भरते. याहून कठीण लाकडे अनेक आहेत. परंतु कठीणपणा, ताकद व लवचिकपणा यांचा असा मेळ क्वचितच आढळतो. त्यामुळे कुऱ्हाड व हातोडा यांचे दांडे, घोडागाडीच्या चाकांचे आरे, ढोलाच्या काठ्या, बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या आणि बेसबॉलच्या जुन्या बॅटी यांसाठी हिकरी वापरली गेली. हॉडेनोसौनी लोकांच्या लॅक्रॉस या खेळाची पारंपरिक काठी हिकरीचीच असते. गोल्फच्या काठ्यांचे दांडेही १९२० च्या दशकापर्यंत हिकरीचे असत. अमेरिकेतील नियामक संस्थेने १९२४ साली व ब्रिटनमधील संस्थेने १९२९ साली पोलादी दांड्यांना मान्यता दिल्यावर ते मागे पडले.

अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना १८१२ च्या युद्धात त्यांच्या सैनिकांनी ‘ओल्ड हिकरी’ हे टोपणनाव दिले. न वाकणारा माणूस, असा त्यात भाव होता.

हिकरीला मर्यादाही आहेत. उघड्यावर, ओलाव्यात हे लाकूड लवकर कुजते आणि भुंगेऱ्यांकडून पोखरले जाते. सरपण म्हणून ते भरपूर उष्णता देते. त्याच्या धुरावर मांस धुरवण्याची पद्धत अमेरिकेत लोकप्रिय आहे.

पेकानची लागवड आणि श्रमाचा इतिहास

बियांपासून वाढविलेल्या पेकानच्या झाडाची फळे मातृवृक्षासारखीच निघतील याची खात्री नसते. उत्तम फळांचे झाड सापडले तरी तेच गुण शेकडो झाडांत उतरविण्यासाठी कलम करावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेकानवर हा प्रयोग यशस्वी झालेला नव्हता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लुइझियानातील ओक ॲली या उसाच्या मळ्यावर अँटोइन नावाच्या गुलाम माळ्याने निवडक झाडाच्या कलमकाड्या १६ झाडांवर यशस्वीपणे बांधल्या. पुढे या कलमांची संख्या शंभराच्या वर गेली. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या शताब्दी प्रदर्शनात या झाडांच्या फळांना पारितोषिक मिळाले व वाणाला ‘सेंटेनियल’ हे नाव देण्यात आले. अँटोइनचे केवळ पहिले नाव इतिहासाला ठाऊक आहे, कारण मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत इतर गुलामांबरोबर त्याचीही नोंद होती. पेकानचा आजचा बागायती व्यवसाय कलमाच्या याच तंत्रावर उभा आहे.

पेकान फोडण्याचे काम दीर्घकाळ हातांनी होत असे. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ हे त्याचे मोठे केंद्र होते. तेथे मेक्सिकन वंशाच्या हजारो मजूर स्त्रिया कोंदट खोल्यांत अत्यल्प मजुरीवर काम करीत. मजुरीत कपात झाल्यावर ३१ जानेवारी १९३८ रोजी सुमारे १२,००० कामगारांनी संप पुकारला. एमा तेनायुका ही तरुणी त्यात अग्रभागी होती. लवाद नेमल्यावर संप मिटला. परंतु त्याच वर्षी देशात किमान वेतनाचा कायदा आला आणि मालकांनी यंत्रे आणून हजारो कामगारांना कमी केले.

आज अमेरिका व मेक्सिको हे पेकानचे सर्वांत मोठे उत्पादक देश आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने विकसित केलेल्या अनेक वाणांना ‘पॉनी’, ‘शायेन’, ‘कायोवा’ अशी मूलनिवासी जमातींची नावे दिली आहेत.

कुलातील इतर प्रजाती

अक्रोड (जुग्लान्स) : सुमारे २० जाती. नेहमीचा खाद्य अक्रोड जुग्लान्स रेजिया या जातीचा असून तो मध्य आशिया व हिमालयापासून पश्चिमेकडे पसरला आहे. किर्गिझस्तानातील आर्सलानबोब येथे अक्रोडाची विस्तीर्ण नैसर्गिक वने आहेत. अमेरिकेतील काळा अक्रोड मौल्यवान गडद लाकडासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या मुळांत, पानांत व फळाच्या सालीत जुग्लोन हे द्रव्य तयार होते. टोमॅटोसारख्या काही वनस्पती त्यामुळे कोमेजतात, असा अनुभव आहे. अक्रोडाची छाया इतर रोपांना बाधते, असे रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवले होते.

टेरोकॅरिया : पंखधारी फळांच्या लांब माळा लोंबणारे वृक्ष. कॉकेशस, इराण, चीन व जपान येथे आढळतात.

सायक्लोकॅरिया : चीनमधील एकच जाती. तिच्या गोडसर पानांचा चहा करतात.

प्लॅटिकॅरिया : चीन, कोरिया व जपान येथे आढळते. फळांचा गुच्छ लहान शंकूसारखा दिसतो व त्यापासून काळा रंग मिळवीत.

एंजेलहार्डिया : हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत. अल्फारोआ व ओरिओमुनिया या तिच्या जवळच्या प्रजाती अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाच्या पर्वतांत वाढतात.

रॉइप्टेलिया : नैर्ऋत्य चीन व उत्तर व्हिएतनाम येथील एकच जाती. पूर्वी तिचे वेगळे कुल मानीत. आता ती याच कुलात समाविष्ट केली जाते.

भारतातील नातलग

हिकरी हे महाराष्ट्राच्या निसर्गातील झाड नाही आणि अक्रोड कुलातील कोणताही वृक्ष सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या उगवत नाही. मराठीत ‘जंगली अक्रोड’ म्हणून ओळखले जाणारे झाड एरंडाच्या कुलातील आहे. कवचाच्या कठीण फळामुळे त्याला हे नाव मिळाले. अक्रोडाशी त्याचे नाते नाही. काजू, बदाम व पिस्ते हेही इतर कुलांतील आहेत.

भारतात हे कुल हिमालयात व ईशान्येकडे आढळते. अक्रोडाचे बहुतांश भारतीय उत्पादन जम्मू-काश्मीरमध्ये होते. पातळ कवचाचा ‘कागदी’ अक्रोड तेथलाच. काश्मिरी अक्रोडाच्या लाकडावरील कोरीवकाम जगभर नावाजले जाते. उंच झाडांवर चढून लांब काठ्यांनी फळे झोडपण्याची तेथील पद्धत धोकादायक आहे. झाडावरून पडून दरवर्षी काही जण मरण पावतात किंवा कायमचे जायबंदी होतात. बुटक्या व लवकर फळणाऱ्या कलमी झाडांचा प्रसार हा त्यावरील एक उपाय मानला जातो.

कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाचे वर्णन आहे. कांबोज देशात हत्ती बांधल्यामुळे वाकलेल्या अक्षोटवृक्षांबरोबर तेथील राजेही नमले, असे कवी म्हणतो. वायव्येकडील प्रदेशाची खूण म्हणून हा वृक्ष प्राचीन काळापासून परिचित होता, हे यावरून दिसते.

रोग व संवर्धन

कुलातील काही वृक्षांचे भवितव्य आज चिंताजनक आहे. बटरनट या अमेरिकन अक्रोडाच्या खोडावर व्रण पाडणारा कवकजन्य रोग १९६७ साली विस्कॉन्सिनमध्ये प्रथम नोंदविला गेला. त्यानंतर या झाडांची संख्या फार घटली असून कॅनडात ती संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहेत. जपानी अक्रोडाशी झालेले तिचे संकर रोगाला अधिक तोंड देतात. मात्र संकर वाढत गेल्यास मूळ जाती शुद्ध रूपात उरणार नाही, हा पेच संवर्धकांपुढे आहे. काळ्या अक्रोडावर एक सूक्ष्म भुंगेरा व त्याच्यासोबत येणारे कवक मिळून सालीखाली असंख्य लहान व्रण निर्माण करतात. पश्चिम अमेरिकेत ज्ञात असलेला हा रोग २०१० साली टेनेसीत, म्हणजे काळ्या अक्रोडाच्या मूळ प्रदेशात आढळला. सालीसकट लाकडाच्या वाहतुकीतून तो पसरू शकत असल्याने अशा वाहतुकीवर निर्बंध घालण्यात आले.

अँडीज पर्वतातील जुग्लान्स निओट्रोपिका आणि दक्षिण चीन व व्हिएतनाम येथील कॅरिया सायनेन्सिस यांनाही वृक्षतोड व जंगलांचा ऱ्हास यांमुळे धोका आहे. अमेरिकेतील बहुतेक हिकरी अद्याप विपुल आहेत. परंतु वणवे थांबविल्याने अरण्ये दाट होतात, सावली सोसणारे मेपल वाढतात आणि ओक व हिकरीची कोवळी रोपे मागे पडतात, असे वनशास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. आज तोडलेल्या शॅगबार्क हिकरीची जागा घेणारे रोप चांगले फळण्यास सुमारे चार दशके लागतात. म्हणून या वृक्षांच्या संवर्धनात नव्या लागवडीइतकेच उभी असलेली जुनी, बी देणारी झाडे राखण्यालाही महत्त्व दिले जाते.